बरं झालं का

नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, रात्री अडीचला.
माझा भाऊ अंबादास कॅलेंडरवर गोल करून ठेवतो:
वर तिथी, खाली दुधाचा हिशेब, मध्ये पाणी.
तिकडं कॉर्कलाही मी पाचव्या रात्री जागी होते,
बारा वर्षं झाली तरी. तिकडचा नळ जात नाही,
आपला आपणच बंद करायचा असतो.

यंदा आले ती वेगळ्या रंगाचं पुस्तक घेऊन.
जुनं निळं त्यांनी परत दिलं,
आत शिक्का, रद्द, आणि एक कोपरा कापलेला.
कात्रीनं. लूमवरून उतरलेल्या टॉवेलच्या
सुटलेल्या दशा कापतात ना आमच्याकडं,
ओट्यावर बसून, डझनाच्या भावानं, तसा.
आई कापायची. अंगठ्याला फोड यायचा तिच्या.
माझा कोपरा कापणाऱ्यानं मान वर केली नाही.

समोरचे नरसय्यामामा, रिटायर जॉबर,
कानानं अधू, दारातूनच ओरडून विचारतात,
"बरं झालं का गं मग, तिकडं जाऊन?"

हेच तर मी रोज विचारते,
वॉर्डात, दुसऱ्या भाषेत, चादर ताणता ताणता:
बरं वाटतंय का? एक ते दहा, किती दुखतंय?
लोक जरा विचार करतात आणि आकडा सांगतात.
मामांना काय आकडा सांगू.

कारण बरं झालंच आहे, खोटं कशाला बोलू.
अशोक चौकामागच्या शेडमध्ये
बाबांनी बत्तीस वर्षं कापूस हुंगला.
शेवटी शेवटी वाटायचं, आता खोकल्यातून सूत निघणार.
माझ्या श्रीतेजला इथं दुसऱ्या वर्षीच पंप लागला होता.
तिथं तो धावतो, चिखलात, पावसात, हिरवा शर्ट घालून,
आणि त्याचा श्वास मोजायला मी रात्री उठत नाही.
यावर मला कुणी देशाचं भाषण देऊ नये.

पण आज सकाळी
गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन
झोन ऑफिसवर निघाल्या, तेव्हा मीही चप्पल घातली.
रेणुका म्हणाली, "तुम्ही नका वन्सं.
फोटो निघतात. तुमचं ते कार्ड-बिर्ड, कशाला लफडं."
काळजीनंच म्हणाली.
तरी गेले. रस्त्यापलीकडं, रसवंतीच्या सावलीत,
चौघींच्या पिशव्या धरून उभी राहिले.
बायका साहेबाला शिव्या देत होत्या,
तेलुगूत, कन्नडात, मराठीत,
आणि साहेब ऐकत होता, त्याला ऐकणं भागच होतं.
माझ्याही जिभेवर एक होती. अस्सल, आईची.
गिळली.
पाहुण्यानं मीठ कमी आहे म्हणू नये.

तिकडं मी मत देते. खड्ड्याबद्दल लिहिलं
तर तिसऱ्या दिवशी आभाराचं पत्र, आठव्या दिवशी डांबर.
रागवायला वेळच मिळाला नाही.
सुख असंही असेल.

अंबादासनं मतदार यादी आणली होती दाखवायला.
माझं लग्नाआधीचं नाव इतकी वर्षं
त्याच्या आणि रेणुकाच्या मध्ये तसंच पडून होतं.
आता नाही. रिकामी जागासुद्धा नाही,
खालचे आकडे एकेकानं वर सरकलेत.

अडीचला तो हाक मारतो, "अक्का, पाइप धर!"
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग उजनीचं.
गल्लीभर मोटारी सुरू, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
नरसय्यामामा ड्रम ढकलत ओट्यावर,
"काय गं, सांगितलंच नाहीस. बरं झालं का?"

मी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरलाय,
बाही कोपरापर्यंत भिजलीय.
"पाणी गेल्यावर सांगते, मामा.
आधी तुमचा ड्रम सरकवा इकडं."